जिवंत पुरावा

९ जानेवारी

आजपासून मी स्वयंसेवक. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी माझ्या खांद्याला निळी पिशवी अडकवली, हातात चित्रांचा तक्ता दिला, निरोधची पाकिटं दिली आणि ती कशी वापरायची हे दाखवायला एक लाकडी नमुना दिला. नमुना मी वर्तमानपत्रात गुंडाळला. बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसलो, तर शेजारच्या आजीबाईंनी चाचपून विचारलं, "लाटणं का हो? कुठून घेतलंत?" मी म्हणालो, "भेट मिळालं."

केंद्राकडे बायका स्वयंसेवक ढिगाने आहेत. "बायकांना सगळं पाठ आहे," सिस्टर म्हणाल्या, "त्यांच्या हातात काही नाही, एवढंच. मला पुरुषांशी बोलणारा पुरुष हवा." विषयही त्यांनीच दिला: पुरुषांची नसबंदी. पाणीखात्याच्या तक्रार खिडकीवर माझी उमर गेली. लोकांना नको असलेली गोष्ट गोड आवाजात सांगायची, हा माझा धंदाच आहे.

घरी सांगितलं. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "बोलायची हौस फिटेल तुमची." पाठिंबा आहे, असं मी धरलं.

१७ जानेवारी

सभेला पुरुष येत नाहीत. केंद्राच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडून मी आणि वॉचमन असे दोघंच बसलो होतो, आणि वॉचमनचं लग्न झालेलं नाही. मग मला युक्ती सुचली. गल्लीच्या तोंडाशी सलून आहे. अर्धी दाढी झालेला माणूस उठून जाऊ शकत नाही. सलूनवाला लगेच तयार झाला. त्याला दिवसभर गप्पा लागतात आणि त्याच्या स्वतःच्या कधीच संपल्यात.

आज तक्ता आरशाला टेकवून सुरुवात केली. काय कापतात, काय कापत नाहीत (इथे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला), केवढीशी जखम, संध्याकाळपर्यंत घरी. मी रंगात आलो होतो. तेवढ्यात फेस लावून खुर्चीत बसलेला टेलर आरशातूनच म्हणाला, "साहेब, तुम्ही केलंय का?"

वस्तरा थांबला. बाकावरच्यांनी पेपर खाली घेतले. मी तोंड उघडलं ते "ज्याने त्याने आपल्या परिस्थितीनुसार" असं काहीतरी म्हणायला. बाहेर पडलं, "म्हणजे काय! दोन वर्षं झाली."

"दुखलं?"

"छे! दुसऱ्या दिवशी सायकलवर ऑफिसला."

सलूनवाल्याने वस्तरा पुसला आणि मला चक्क सलाम ठोकला. "हा घ्या! जिवंत पुरावा!"

चांगल्या कामासाठी एवढं चालतं. खिडकीवर बसून मी रोज "उद्या पाणी येईल" म्हणतो, त्या मानाने हे काहीच नाही.

१९ जानेवारी

सिस्टरच्या कानावर गेलंच. "दुसऱ्या दिवशी सायकल? मी आठवडाभर सायकल नको म्हणून सांगते, आणि तुम्ही लोकांना टांग मारायला लावताय! आणि पुढे तीन महिने दुसरं साधन वापरायचं, मग तपासणी करायची, हे सांगितलंत का?"

राहिलं होतं. पुढच्या वेळी सांगेन म्हणालो.

"पण मला माहीत नव्हतं हं तुमचं. कुठे केलंत?"

"बाहेरगावी."

त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. कौतुक असणार.

२ फेब्रुवारी

बायकोचं डोकं हल्ली सारखं ठणकतं. आज ती डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली. रक्तदाब वाढलाय, वयही आहे, म्हणून गोळ्या ताबडतोब बंद करायला सांगितल्या. आणखी मूल नको म्हणून इतकी वर्षं गोळ्या तीच घेते आहे. मला तर त्या गोळ्या चहा-साखरेसारख्या घरातल्याच वाटत होत्या.

"आता तुम्ही बघा," ती म्हणाली.

"बघतो."

"हा तुमचा खिडकीवरचा 'बघतो' आहे. लोकांना घेऊन जाता ना त्या हॉस्पिटलात? एकदा त्यांच्याबरोबर तुम्हीही आत जा."

मी म्हणालो, आत्ताच नको, उन्हाळा तोंडावर आहे, जखम चिघळते. हे तक्त्यावर कुठेही नाही. पण बोलताना पटण्यासारखं वाटलं.

मग पाकिटांचा विचार केला. पिशवी भरलेली आहे, पण केंद्राचा माल घरी वापरणं तत्त्वात बसत नाही. तत्त्व आणि आळस एकाच दिशेने निघाले की माणूस फार प्रामाणिक होतो. संध्याकाळी औषधाच्या दुकानात गेलो. काउंटरशी टेलर उभा. "काय साहेब, तुम्हाला आता काय लागतं औषधाच्या दुकानातून!" असं म्हणून त्याने डोळा मारला. दुकानदारही हसला. मी खोकल्याच्या गोळ्या घेऊन आलो. मला खोकला नाही.

बायकोला म्हणालो, "मी सांभाळून घेईन."

दुपारीच सलूनमध्ये मी सगळ्यांना बजावलं होतं, की 'सांभाळून घेईन' म्हणणाऱ्या बापांमुळेच शाळेत बाकं कमी पडतात. फार हशा झाला होता.

२१ फेब्रुवारी

माझी कीर्ती वाढते आहे. गल्लीतून जाताना पोरं मागून "पुरावा काका" म्हणतात. दोन जणांचं ऑपरेशन झालं. त्यातला एक वर्कशॉपमधला वेल्डर. त्याला घरी सोडायला मी स्वतः रिक्षात बसलो. तो म्हणाला, "तुम्ही होतात म्हणून धीर आला." मला भरून आलं. रिक्षाच्या प्रत्येक खड्ड्याला त्यालाही आलं.

पण खरा झगडा टेलरचा. त्याला चार मुलं. शेवटच्या वेळी त्याच्या बायकोला इतका रक्तस्राव झाला, की हॉस्पिटलवाल्यांनी त्याला बोलावून कागदावर सही घेतली होती. पुन्हा दिवस राहिले तर वाचणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. तिच्यात इतकं रक्त नाही, की तिचं स्वतःचं ऑपरेशनही करता येईना. तरी हा वर्षभर घाबरतोय. आज म्हणाला, "तुमच्यासारखं जमेल मला?" मी म्हणालो, "न जमायला काय झालं?" एप्रिलमधला दिवस ठरला.

सिस्टर मात्र हल्ली तिरकस बोलतात. आज म्हणाल्या, "बाहेर एवढं बोलता, जरा घरीही विचारत जा." घरातून आणखी एक स्वयंसेवक मिळावा, असा त्यांचा रोख असावा. बायकोला वेळ कुठे आहे?

२८ मार्च

बायकोने चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "मला दिवस गेलेत."

माझ्या मनात पहिलं काय आलं? लिहून टाकतो, ही वही कोण वाचणार आहे? सलूनचा आरसा आला. त्यात ओळीने बसलेली तोंडं आली.

"तोंड असं काय केलंत? मी काय काचेचा ग्लास फोडला का?"

"आता... लोक..."

"लोकांना काय झालं?" ती समोर बसली. "टेलरच्या बायकोने जानेवारीतच माझा हात धरला होता. म्हणाली, वहिनी, नशीबवान आहात, असा नवरा मिळाला. मी काय म्हणणार होते? खोटं बोलतो म्हणून सांगू?"

म्हणजे हिला पहिल्यापासून माहीत होतं, आणि ही गप्प राहिली. मला जरा रागच आला. वेळेवर बोलली असती तर मी काहीतरी केलं असतं.

३१ मार्च

बायको त्रेचाळीस वर्षांची आहे. लेक कॉलेजात. रक्तदाबाचं ते तसं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धोका आहे, विचार करा, आणि विचार लवकर करा. बायको विचार करते आहे. माझ्याशी बोलून नाही, भिंतीकडे बघून.

मी एक मार्ग सुचवला. "तू थोरल्या बहिणीकडे जाऊन राहा काही दिवस. काय ठरेल ते तिकडेच."

"म्हणजे मी तिकडे आजारी पडायचं आणि तुम्ही इकडे खरे राहायचं."

असं म्हटलं की कोणताही चांगला विचार वाईटच दिसतो.

सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. गप्प बसलो तर लोक बायकोबद्दल बोलणार. खरं सांगितलं तर माझ्याबद्दल बोलणार. ऑपरेशन झालेल्या माणसाच्या घरी पाळणा हलणार, आणि घरात दुसरा पुरुष नाही. हे गणित कुणालाही सुटेल, शाळा सोडलेल्यालाही.

११ एप्रिल

फुटलं. बुधवारी केंद्रात फक्त गरोदर बायकांची तपासणी असते. बायको त्या बाकावर बसली होती आणि शेजारी सलूनवाल्याची सून.

आज सलूनमध्ये पाय ठेवला आणि रेडिओ बंद झाला. कुणी काही विचारलं नाही. सलूनवाल्याने मला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि न सांगता डोक्याला तेल लावून चोळायला लागला. चोळतोय, चोळतोय. माझ्या डोक्यावर एवढी माया कुणी लग्नातही केली नव्हती. बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सज्जन माणसाच्याच वाट्याला येतं."

टेलर जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "साहेब, तुमच्या जागी मी असतो तर घरात ठेवलं नसतं. तुमचं काळीज मोठं."

इथे मी बोलायला हवं होतं. मी मान हलवली. नुसती. हो नाही आणि नाहीही नाही, अशी. पण आरशात ती 'हो' दिसली.

बाहेर पडलो तेव्हा डोक्याला तेलाचा वास येत होता. घरी बायकोने वास घेतला. "सगळ्यांनी कीव केली वाटतं," म्हणाली.

१४ एप्रिल

कोपऱ्यावरच्या दुकानात दोघी जणी बायकोच्या पुढ्यात बोलत होत्या, ती नाहीच अशा. लेकीला कॉलेजात कुणीतरी काही विचारलं. ती घरी येऊन दप्तर न उतरवता माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, तुम्ही काही बोलणार आहात का?"

"कशाबद्दल?"

"ठीक आहे," म्हणाली आणि आईच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तेव्हापासून त्या दोघी आत, मी बाहेर. जेवणाचं ताट टेबलावर झाकून ठेवलेलं असतं. वसतिगृहात राहिल्यासारखं वाटतं, फक्त इथल्या वॉर्डनला माझं सगळं माहीत आहे.

खिडकीवर आज एक गृहस्थ ओरडत होते, "तुम्ही सरळ सांगत का नाही, की पाणी येणार नाही?" मी त्यांना उद्या यायला सांगितलं.

१५ एप्रिल

सुटलो! उत्तर माझ्याच पिशवीत होतं. तक्त्याच्या शेवटच्या पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलंय: क्वचित प्रसंगी शस्त्रक्रिया अयशस्वी ठरू शकते. हे पान मी आजवर कधी उलटलंच नव्हतं.

थेट सलून गाठलं. सगळ्यांसमोर सांगितलं, "माझी बायको सोन्यासारखी आहे. माझं ऑपरेशन फेल गेलं." तक्ता दाखवला. सलूनवाल्याने वाचला, बाकावर फिरवला. दोघांनी कान पकडले. "वहिनींची माफी मागायला हवी," असंही कुणीतरी म्हणालं. बायकोच्या नावावरचा डाग मी उभ्या उभ्या पुसला. येताना चाल हलकी झाली होती.

घरी बंद दाराबाहेरूनच बातमी सांगितली. आतून बायकोचा आवाज आला, "म्हणजे आता डॉक्टरचं चुकलं. तुमचं कधी चुकतं?"

उपकारांची किंमत नाही.

१७ एप्रिल

सिस्टरनी बोलावून घेतलं. बसा म्हणाल्या नाहीत.

"कुणी केलं होतं तुमचं ऑपरेशन? त्या सर्जनचं नाव सांगा. मी त्यांना फोन करते."

"जुनी गोष्ट आहे, आता..."

"दोन वर्षांत जुनी झाली? तपासणी केली होती का? नमुना तपासायला द्या आज. डबी देते."

मी खिडकीबाहेर बघितलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या मिसेस गोळ्या बंद झाल्या तेव्हा माझ्याकडे येऊन बसल्या होत्या. काय बोलल्या ते मी सांगणार नाही. इथे ऐकलेलं बाहेर जात नाही, म्हणून तर मी गप्प बसले. माझी तीही चूकच झाली."

काय बोलली असेल? रक्तदाबाचं असणार.

"टेलर येणार नाही परवा," सिस्टर म्हणाल्या. "आत्ता निरोप आला. म्हणतो, साहेबांचं फेल जातं तर माझं काय. आणि आणखी दोघांनी नावं मागे घेतली. वेल्डर सकाळी येऊन भांडून गेला, की माझी बायको आता काय करणार. या सगळ्यांना मी घरोघर जाऊन परत समजावू? का तुम्ही जाताय?"

मी म्हणालो, बघतो.

त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, निरोपाचा. त्यांना पिशवी हवी होती.

१९ एप्रिल

बायको आज हॉस्पिटलात गेली. मूल ठेवायचं नाही असं तिने ठरवलं होतं, डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली होती, लेकीला सगळं ठाऊक होतं. मला सकाळी चपला घालताना कळलं.

"मी येतो."

"कशाला? तिथे सगळे तुम्हाला ओळखतात," ती म्हणाली. टोमणा नव्हता, नुसतं सांगितलं. त्यामुळे जास्त लागलं.

त्या दोघी गेल्या. मी थोड्या वेळाने मागून निघालो. हॉस्पिटलच्या फाटकाशी पोचलो, तर केंद्राचा वॉचमन आज तिथे ड्यूटीवर. "या साहेब, आज कुणाला घेऊन आलात?" मी म्हणालो, "सहज." आत जायचं तर हाच प्रश्न प्रत्येक दारात. ज्या जिन्यावरून मी लोकांना पाठीवर थाप मारून वर नेलं, तो जिना मला चढता येईना. फाटकाबाहेर रसाच्या गाड्यापाशी उभा राहिलो. रसवाल्याने तीनदा विचारलं, मी तीनदा घेतला.

दुपारी त्या दोघी रिक्षात बसताना दिसल्या. बायको लेकीच्या खांद्यावर टेकली होती. तिसरी जागा रिकामी होती. मी हात केला नाही. नंतर चालत घरी आलो.

२३ एप्रिल

टेलरची बायको आली. हडकुळी, ओठ पांढरे, जिना चढून आल्यावर दाराला धरून उभी. बायकोसाठी डब्यात सूप आणलं होतं. आत जाऊन पलंगाशी बसली. मी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसलो. दार उघडंच होतं.

इकडचं तिकडचं झालं. मग ती हळूच म्हणाली, "वहिनी, खरंच फेल जातं का हो? हे काही ऐकायलाच तयार नाहीत. आता माझी पाळी चार दिवस पुढे गेली होती ना, मी नुसती रडत होते. परवा आली. पण दर महिन्याला असं किती दिवस काढू?"

बायकोने वाट बघितली. कुणाची, ते मला समजत होतं. पेपरमधली ओळ मी तिसऱ्यांदा वाचली.

"अहो," तिने हाक मारली. "इकडे या. या काय विचारतायत, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही."

मी दारात उभा राहिलो. आत दोघी. मागे जिना होता, उतरून जाता आलं असतं. खिडकीवर असतो तर उद्या या म्हणालो असतो.

"मी केलेलंच नाही," मी म्हणालो. "ऑपरेशन. कधीच नाही. फेल जायला झालंच नव्हतं काही."

वाटलं, ही शिव्या देईल, निदान उठून जाईल. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. बायकोकडे बघत राहिली.

"म्हणजे एवढे दिवस लोक बोलत होते ते तुम्ही ऐकून घेत होतात?"

"हो," बायको म्हणाली.

टेलरच्या बायकोने तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं, डबा तिथेच ठेवला आणि निघाली. माझ्या बाजूने जाताना म्हणाली, "घरी जाऊन ह्यांना सांगते. आणि जाता जाता सलूनवाल्याच्या सुनेलाही." कुणाला सांगू नका, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. मग मिटलं.

२६ एप्रिल

तीन दिवस बाहेर पडलो नाही. खाली पोरांनी मला नवं नाव ठेवलंय. ते इथे लिहीत नाही. सलूनवाल्याने निरोप पाठवला, की दाढी घरी करत जा. लेक माझ्याशी बोलते, पण मीठ कुठे आहे वगैरे एवढंच.

आज सकाळी दारावर थाप पडली. टेलर. मला वाटलं, मारायला आलाय. आलाही असेल, कारण दाराशी बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

"चला," म्हणाला. "सिस्टरकडे नावं दिलीत. दोघांची."

"कुणी?"

"माझ्या बायकोने. ती म्हणाली, आधी त्यांचं होऊ दे, तुम्ही दारात उभे राहून बघा. मग तुमचं." वर म्हणाला, "मी सगळं बघणार आहे साहेब. या वेळी बाहेरगावी काही नाही."

मी आत गेलो. बायको खिडकीपाशी बसून केस विंचरत होती. तिचं अंथरूण, उशी, औषधं आता लेकीच्या खोलीत असतात. दुखणं आहे तोवर, असं मला वाटलं होतं. आज बघितलं, कपाटातले कपडेही तिकडे गेलेत.

"मी जाऊ का?" मी विचारलं.

तिने फणीतला गुंता काढला, तो बोटाला गुंडाळला. "जा की. करून घ्या," ती म्हणाली. "उपयोग होईल, असं मात्र धरून चालू नका."

दारात टेलर होता. त्याने ऐकलं. हसला नाही. मी चपला घातल्या आणि त्याच्या पुढे होऊन जिना उतरलो.